लखूची बारा मिनिटं

आमच्या रामनगरात आगीचा बंब निघाला की अख्खा बाजार त्याच्या मागं धावतो, आणि बंबातून उतरलेला लखू मात्र आगीकडं पाठ करून उलट दिशेला चालू लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ह्याला घाईची लघवी लागली. मीही तसंच म्हटलं होतं. आणि मी म्हटलेलं गावभर व्हायला वेळ लागत नाही. माझी पिठाची गिरणी आहे, तिथं दळण आणि बातमी दोन्ही बारीक करून मिळतं.

खरी गोष्ट अशी. लखूच्या छातीवर एक पिवळं यंत्र लटकलेलं असतं, साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढं. धुरात विषारी वायू किती आहे ते आकड्यात सांगतं. पण ते चालू करायचं स्वच्छ हवेत. धुरात चालू केलं तर ते त्या धुरालाच शुद्ध हवा समजतं आणि मग पुढं सगळं खोटं बोलतं. म्हणून लखू आधी वारा जिकडून येतो तिकडं जातो. माणसांपासून, बिड्यांपासून, मोटारसायकलींपासून लांब. एकटाच उभा राहतो, शून्य दिसलं की मग वळतो. लोक ओरडत असतात, "आरं थांबामामा, आग हिकडं हाय!"

थांबामामा हे नाव मी ठेवलं. कारण आग विझल्यावरचं त्याचं काम म्हणजे दारात उभं राहून "थांबा" म्हणणं. जाळ गेला तरी वायू राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. जवान दमलेले, घामानं निथळलेले, तोंडावरचा मास्क कधी एकदा ओरबाडून काढतो असं झालेलं. आणि हा यंत्राकडं बघत म्हणतो, थांबा. आकडा पंचवीसच्या खाली येईपर्यंत मास्क काढायचा नाही, असा बंबाच्या ठाण्याचा नियम. अशा माणसावर कोण माया करणार, सांगा.

वय बावन्न. मूळचा दिग्गीचा कुणबी, पार जंगलातल्या गावचा. अंगानं बांबूची काठी, बोलणं तिच्याहून बारीक. रोज दाढी करतो, रविवारीसुद्धा. गालावर खुंट राहिले तर मास्क चिकटत नाही म्हणे. बायको काशी दिग्गीतच असते, कारण भातशेती, कोनाचे कंद आणि दोन म्हशी काही बंबात घालून आणता येत नाहीत. मुलगी श्वेता लग्न होऊन खानापूरला गेली. लखू माझ्या गिरणीच्या भिंतीला लागून एका खोलीत भाड्यानं राहतो. ठाणं मागच्या मैदानापलीकडं.

रोज सकाळी सातला तो त्या मैदानात यंत्राची परीक्षा घेतो. एका छोट्या बाटलीत मोजून भरलेला वायू असतो. तो यंत्राला हुंगायला द्यायचा, यंत्रानं ओरडायचं. महिन्यातून एकदा त्याच बाटलीवर यंत्राचा आकडा जुळवून घ्यायचा. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या न्हाणीचा चुला पेटलेला असतो.

"केशरक्का, पाच मिनटं चुला झाकशीला काय?"

"का? माझा धूर तुझ्या बायकोला सोसत न्हाई?"

"बायको दिग्गीत हाय."

"ती न्हाई रे. ही पिवळी. छातीला बिलगून असती ती."

तो खाली वाकून खरंच यंत्राकडं बघायचा, आणि आणखी पन्नास पावलं लांब जाऊन उभा राहायचा. काशी बाजाराला आली तेव्हा मी तिलाही सांगितलं, तुला सवत आहे म्हणून. ती हसून म्हणाली, "असू दे अक्का. ती वरडली की ऐकतात तरी. मी वरडले तर ह्यांना ऐकूच येत न्हाई."

आता दिग्गीची आग. हे मला अक्षयनं सांगितलं. बंबावरचा जवान, तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप. नाचणी दळायला आला आणि नाचणीपेक्षा जास्त स्वतःच दळून गेला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत दिग्गीच्या समुदाय भवनाला आग लागली. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, पत्र्याखाली शोभेचं प्लास्टिकचं छत. आत शंभर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि लग्नाच्या पाहुण्यांसाठी फोमच्या गाद्यांची चळत. हॉलच्या पलीकडं एक आतली खोली, तिला खिडकी नाही, एकच दार. त्या खोलीत गावाची शिगम्याची, म्हणजे होळीच्या सणाची, वाद्यं होती: सात घुमटं आणि एक ढोल. घुमट म्हणजे मातीच्या मडक्यावर कातडं ताणलेलं वाद्य. पूर्वी ही सगळी वाद्यं चुलीवरच्या माळ्यावर असायची. धुरानं कातडं कोरडं राहतं, कीड लागत नाही. भवन बांधल्यावर गावाला वाटलं, आता देवाची वस्तू चांगल्या जागी ठेवू.

बंब पोचायला पावणेदोन तास लागले. तोवर गावकऱ्यांनी कळशा मारून जाळ निम्मा केला होता, उरलेला जवानांनी विझवला. तीन वाजता जाळ दिसेनासा झाला. गाद्यांच्या ढिगातून नुसता पातळ पांढरा धूर. आतल्या खोलीचं दार शाबूत. फक्त हॉल ओलांडून जायचं आणि आठ वाद्यं उचलून आणायची.

पण जवानांच्या पाठीवरचे हवेचे सिलिंडर चार, आणि चारही रिकामे. आत जायचं तर उघड्या तोंडानं. लखू दारात उभा, यंत्रावर आकडा नऊशे.

दिग्गीचा बुधवंत, म्हणजे शिगम्यापासून सोयरिकीपर्यंत गावात ज्याचा शब्द शेवटचा, तो लाडू. लखूचा चुलतभाऊ, दहा वर्षांनी थोरला. तो पुढं आला.

"लखू, जाळ इझला. दार सोड."

"थांबा, लाडूदादा. वायू हाय."

"कसला वायू? भवनात चूल न्हाई, शेगडी न्हाई."

"गाद्या जळल्या न्हवं, त्याचा. वास येत न्हाई. मानूस खाली बसतंय, मग उठत न्हाई."

"आरं, आमी धुरातच जल्मलो. ती घुमटं बी धुरातच पिकली. धूर काय आमाला नवा हाय?"

अक्षयनं तोंडाला ओला टॉवेल बांधला. "मामा, दोन मिनटात जाऊन येतो. श्वास धरून जातो."

लखूनं दोन्ही हात चौकटीला लावले. "तुला दोन पोरं हाईत."

"मग तुमी जावा. तुमचं तर लग्न झालंय पोरीचं," मागून कुणी तरी बोललं, आणि लोक हसले.

"तू दिग्गीचा का ठाण्याचा, ते सांग आदी!" दुसरा ओरडला.

लखू खिशातल्या वहीत आकडे लिहीत होता. तीन-दहाला नऊशे. साडेतीनला चारशे. तीन-बेचाळीसला एकशे दहा. तीन-पन्नासला छत्तीस. आणि तीन-सत्तावन्नला, आतून धुमसणारं ते प्लास्टिकचं छत एकदम खाली आलं, नेमकं आतल्या खोलीच्या दारावर. दार फणसाच्या वाळलेल्या लाकडाचं, ते भडकलं आणि जाळ आतल्या खोलीत शिरला. बाहेरून मारलेलं पाणी तिथपर्यंत पोचेना. जाळानं बाहेरची हवा दारातून आत ओढली; चार वाजून दोन मिनिटांनी दारातला आकडा चोवीस झाला, तेव्हा लखू स्वतः पहिला आत गेला. हाताला लागले ते मडक्यांचे तुकडे आणि ढोलाचं लोखंडी कडं.

काशी त्या गर्दीत होती. घरी त्याला तिनं पाणी दिलं आणि एवढंच म्हणाली, "तुमी बरोबरच असशीला. पन तुमी आता बंबात बसून जाणार. मला हितंच पानी भरायचं हाय."

अक्षय महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. पुढं राग गेला, पण मनातली अढी गेली नाही. मला म्हणाला, "अक्का, मी आत जाऊन मेलो असतो तर मामाचं खरं ठरलं असतं. मी जगलो, म्हणून तो खोटा. आता मी तरी कशाबद्दल हात जोडू?"

आगीनंतर तेरा दिवसांनी शिगमा होता. शिगम्याआधी बुधवंत घरोघरी विडा धाडतो. ज्याच्या नावानं विडा आला त्यानं मांडावर उभं राहायचं; मांड म्हणजे शेणानं सारवलेली ती जागा, जिथं वाद्यं पहिल्यांदा घुमतात. विडा नाही तर मांडावर पाय नाही. लखूचा विडा दरवर्षी काशीच्या हाती यायचा, ती फोन करायची, हा पाच दिवस रजा टाकायचा. वर्षभर मुका असलेला हा माणूस मांडावर म्हणे मोठ्यानं गातो. मी ऐकलेलं नाही. काशी सांगते म्हणून खरं मानायचं.

त्या वर्षी त्यानं रजा टाकली, धोतर-पागोटं धुऊन माझ्या कुंपणावर वाळत घातलं आणि दारात फोन घेऊन बसला. सकाळ गेली, दुपार गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी आपली जाता जाता म्हणाले, "काय लखूभाऊ, सवतीनं रजा नामंजूर केली वाटतं?"

"विडा न्हाई आला, केशरक्का."

दिग्गीनं शेजारच्या गावाची वाद्यं मागून आणून शिगमा केला, हे नंतर कळलं. मागून आणलेली वाद्यं म्हणजे दुसऱ्याच्या पागोट्यानं नवरदेव सजवल्यासारखं. आणि हेही कळलं की मी ठेवलेलं नाव दिग्गीत पोचलंय. तिथं ते कुणी हसत घेत नव्हतं.

रजेचे पाच दिवस त्यानं खोलीत काढले. आमच्यामधली भिंत विटेची आहे, आणि मला कान लावायची सवय आहे, लपवून काय उपयोग. दुपारी तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज यायचा. एकच. मग भांडं घासल्याचा आवाज. तेही एकच. पाचव्या दिवशी मी माशाची आमटी घेऊन गेले तर यंत्र समोर ठेवून कोऱ्या फडक्यानं पुसत बसला होता.

"रजेवर हाईस न्हवं? मग हिला का आणलीस घरी?"

"आणली न्हाई. ठाण्यातली मंडळी जेवायला गेलीत, म्हणून पुसायला घेतली. आत्ता ठेवून येतो." आमटीकडं बघून म्हणाला, "वाडगं उद्या देतो," आणि निघालाच.

वर्ष असंच गेलं. महिन्यातून एकदा पहाटेच्या बसनं दिग्गीला जायचा, शेतात राबायचा आणि चहाच्या दुकानापुढनं मान खाली घालून परत यायचा. इकडं आगी लागत राहिल्या: भुशाचं गोदाम, घाटात उलटलेला ट्रक, एक बेकरी. तो उलट दिशेला चालत जायचा, दारात उभा राहायचा, थांबा म्हणायचा. फक्त आता ते म्हणताना माणसांकडं बघायचा नाही.

मग यंदाच्या थंडीत एक बातमी आली. दुसऱ्या तालुक्यात रस्त्याच्या कामावरचे दोन मजूर बंद खोलीत निखाऱ्यांचं घमेलं ठेवून झोपले, ते उठलेच नाहीत. ना भाजलं, ना जाळ लागला. ही बातमी लाडूच्या कानावर गेली आणि, काशीनं फोनवर सांगितलं, तो बराच वेळ चुलीकडं बघत बसला. शिगम्याला आठ दिवस उरले तेव्हा काशीच्या दारात विडा आला. लखूच्या नावानं.

त्या दिवशी लखू माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "चुला झाकू?" तर म्हणाला, "जळू दे, अक्का. जळू दे." आणि हसला. दात चांगले आहेत त्याचे, मला पहिल्यांदाच दिसले. अक्षयला त्यानं चहा पाजला. मैदानात यंत्राची परीक्षा घेता घेता गुणगुणत होता, ते मी स्वतः ऐकलं; सूर ठीकच होता.

आणि शिगम्याला तीन दिवस असताना यंत्र हुबळीहून दुरुस्त होऊन आलं. बॅटरी टिकेना म्हणून पाठवलं होतं. बरोबर इंग्रजीत एक कागद. इंग्रजी म्हटलं की आमच्या आळीत माझा नवरा वासू. शाळेत कारकून होता, तेवढ्यावर जन्म काढतोय. त्यानं चष्मा लावून वाचलं.

"लखू, हे म्हणतात, तुझं यंत्र जास्त दाखवत होतं. शंभरला दीडशे. आता त्यांनी नीट केलंय."

"किती दिसांपासनं?"

"ते न्हाई लिहिलेलं."

लखू उठला, ठाण्यात गेला आणि परीक्षेची ती छोटी बाटली घेऊन आला. बुडाशी तारीख छापलेली होती. मुदत संपून अडीच वर्षं झाली होती. त्याच्या दुसऱ्या हातात तशीच दुसरी बाटली होती, नवी, सील न फोडलेली.

"ही कुठं होती?" मी विचारलं.

"कपाटात."

"मग उघडली का न्हाईस, शाण्या?"

"जुनी अर्धी शिल्लक होती."

मला आधी हसूच आलं. ह्यांच्या घरात जुन्या कणगीतला तांदूळ संपल्याशिवाय नव्या कणगीला हात लावत नाहीत. लावला तर घरची लक्ष्मी रुसते. त्यानं वायूलाही तोच नियम लावला होता. पण तांदूळ जुना झाला की चढतो; बाटलीतला वायू जुना झाला की उतरतो. बाहेर शंभर लिहिलेलं, आत राहिलेले साठ-सत्तर. दर महिन्याला नेमानं, एकही महिना न चुकवता, तो यंत्राला त्या उतरलेल्या वायूवर शिकवत होता की हे बघ, एवढ्याला शंभर म्हणायचं. पायली लहान झाली की तेच भात जास्त भरतं, तसं.

त्यानं खिशातली वही काढली, गेल्या फेब्रुवारीचं पान उघडलं आणि वासूची पेन्सिल मागितली. मला गणित येत नाही, पण त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"तीन-पन्नासला छत्तीस होतं," तो म्हणाला. "तवा बी हीच बाटली. म्हंजे खरं चोवीस. तवाच दार सोडायला पायजे होतं. मी चार-दोनला सोडलं."

"बारा मिनटं," वासू म्हणाला.

"छत तीन-सत्तावन्नला पडलं. सात मिनटं हातात होती. आठ वाद्यं." पेन्सिल खाली ठेवली. "आली असती."

मी उठून दार लावलं. मी, केशर, जिनं आजवर कुणाचं काही पोटात ठेवलं नाही, त्या मी म्हटलं, "लखूभाऊ, हे आपण तिघांनी ऐकलं. उगी गप बसायचं. विडा आलाय. जा, गा, नाच आणि ये."

संध्याकाळी अक्षय आला. त्यालाही लखूनंच सांगून टाकलं होतं. अक्षय बिचारा तळमळून बोलला. "मामा, ऐका. फोम जळला की आणखी एक विष निघतं, सायनाइडचं. ते आपल्या यंत्राला कळतच न्हाई. ती बारा मिनटं त्याच्यासाठी लागलीच असती. असं सांगा की!"

"ते मी मोजलं न्हाई," लखू म्हणाला. "न मोजलेलं कसं सांगू?"

"मग काहीच सांगू नका!"

"चाळीस मिनटं मी बरोबर होतो, अक्षय. तुला सोडलं न्हाई ते बरोबरच. पन त्यांनी विडा धाडलाय तो बावन्न मिनटांचा. वरची बारा लपवून मांडावर कसा उभा ऱ्हाऊ?"

"मान्सं विसरतात, मामा."

"मी मोजणारा मानूस हाय रे," तो म्हणाला. एवढंच.

शिगम्याच्या पहिल्या दिवशी मी त्याच्याबरोबर दिग्गीला गेले. मला शिगमा बघायचा होता, असं मी वासूला सांगितलं. बसमध्ये दोन तास लखू खिडकीबाहेर बघत होता. मी तीन विनोद केले, तिन्ही अणशीच्या जंगलात पडले असावेत.

दहाच्या सुमाराला मांडावर पुरुष जमले होते. पागोटी, त्यात खोचलेली फुलं, मागून आणलेली घुमटं एका चटईवर मांडलेली. बायका पलीकडं झाडाखाली, त्यांत काशी. लाडू मध्यभागी. लखूला बघून तो म्हणाला, "ये. उशीर केलास."

लखू सारवलेल्या जागेच्या कडेला थांबला. चपला काढल्या नाहीत. विडा हातात होता.

"लाडूदादा, आदी एक सांगायचं हाय."

आणि त्यानं सांगितलं. बाटली, तारीख, आकडे. वही उघडून वाचूनच दाखवलं, ठाण्यात साहेबांपुढं वाचावं तसं. मी बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, आता तरी पुरे कर, पण त्यानं पान उलटून चार-दोनचा आकडाही वाचला.

मग लाडूनं विचारलं, "म्हंजे वाचली असती?"

"वाचली असती."

"आनि तुझी मान्सं?"

"ती बी वाचली असती."

"आन हे सांगायला आलास तू? आज?" मागून एक तरुण ओरडला. "ऐन सणाला?"

लाडूनं हात वर केला. "जुनी बाटली का वापरलीस?"

"शिल्लक होती, दादा."

आता हसतील असं मला वाटलं. रामनगरात हसले असते. इथं झाडाखालची एक म्हातारी फक्त म्हणाली, "मग काय, अर्धी टाकून देणार व्हय?" आणि दोघी-तिघींनी माना हलवल्या, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

लाडूचं तोंड क्षणभर सैल झालं आणि परत घट्ट झालं. "धा महिने मी म्हनत होतो, लखू खोटा. मग ती बातमी आली, तवा म्हनालो, लखू खरा. आता तूच सांग काय म्हनू."

"मोजायला चुकलो, म्हना."

लाडूनं चटईवरच्या घुमटांकडं बघितलं. दुसऱ्या गावची घुमटं. त्यांच्या कडांना दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्या होत्या.

"दिलेला विडा परत घेत न्हाईत," तो म्हणाला. "पन आज मांडावर उभा ऱ्हाऊ नको. तू उभा ऱ्हायलास तर ह्यांच्या हातातली वाद्यं वाजायची न्हाईत. कुंभाराला सात मडकी सांगितलीत, या महिन्यात येतील. बोकडाची कातडी हाईत. ताणायला मानूस पायजे. सुट्टी कंदी असती तुझी?"

"सोमवारी."

"सोमवारी ये." आणि वाजवणाऱ्यांकडं वळून म्हणाला, "चला."

घुमटं घुमू लागली. पुरुष गोल धरून गाऊ लागले. लखू सारवलेल्या कडेपासून दोन हातांवर उभा होता, विडा खिशात. त्याचे ओठ हलत होते; आवाज येत नव्हता. मी गाणं ऐकायला म्हणून जवळ सरकले, तरी आला नाही.

काशी बायकांतून उठली. सगळ्यांच्या मागून वळसा घालून आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"सांगायच्या आदी एक फोन करता आला न्हाई?"

"केला असता तर तू नको म्हनाली असतीस."

"म्हनालेच असते." ती म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली. झाडाखालच्या बायका बघत होत्या. तिनं पदर नीट केला आणि समोर बघत राहिली.

दुपारच्या बसनं आम्ही परतलो. रजेचे चार दिवस उरले होते. ते त्यानं रद्द करून घेतले.

तेव्हापासून दर सोमवारी तो दिग्गीला जातो. मडकी आली आहेत. लाडूच्या ओसरीवर बसून भिजवलेलं कातडं मडक्याच्या तोंडावर ताणायचं, दोरीनं आवळायचं, उन्हात ठेवायचं, परत आवळायचं. बोटांची सालं निघाली आहेत. माणसं समोरून येतात, जातात. लाडू घरातच असतो, पण बाहेर येत नाही. परत आला की मी विचारते, "कुणी बोललं काय आज?" तो म्हणतो, "न्हाई." पहिला सोमवार न्हाई, दुसरा न्हाई, तिसरा न्हाई, चौथाही न्हाई. मीही वैतागले. म्हटलं, बाबा, पगारी माणूस आहेस, विकतची आणून दे सात घुमटं आणि मोकळा हो. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी आगीत मास्क काढा म्हणत होते.

काल पाचवा सोमवार. संध्याकाळी बसमधून उतरला तो खोलीकडं न जाता सरळ गिरणीत आला. पट्टा फिरत होता, आवाजात काही ऐकू येईना. मी गिरणी बंद केली.

"लाडूदादा बाहेर आला," तो म्हणाला. "शेजारी बसला. पाचवं घुमट घेतलं, बोट मारून बघितलं."

"आणि? काय म्हनाला?"

"ढिलं हाय, म्हनाला."

"आणखी?"

"आणखी काय न्हाई. मग मी दोरी सोडून परत ताणलं. तो बसून ऱ्हायला, होईपर्यंत."

पिठाच्या डब्यावर बसून त्यानं मला हे दोनदा सांगितलं.